अहिल्याबाईंचे महेश्वर

इंदूरला उतरणारा गोमंतकीय प्रवासी सहसा ठरलेल्या वाटेनेच फिरतो. विमानतळाला देवी अहिल्याबाईंचे नाव, विद्यापीठाला त्यांचेच नाव आणि राजवाड्यासमोरच्या बागेत त्यांचाच पुतळा, असा तो त्यांच्या नावाने गजबजलेल्या शहरात येतो. राजवाड्याचे सात मजले मान वर करून पाहतो, लालबागेतला युरोपीय थाट पाहतो, खजराण्याच्या गणपतीला हात जोडतो आणि रात्री सराफ्यात पोटभर खाऊन परततो. या साऱ्यात अहिल्याबाईंचे स्वतःचे असे फारच थोडे असते. राजवाडा त्यांच्या सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, इ. स. १७४७ च्या सुमारास उभारायला घेतला. लालबाग तर त्यांच्या निधनानंतर शतक उलटले तेव्हा बांधली जात होती. ज्यांच्या नावाने हे शहर ओळखले जाते त्या राज्य करीत होत्या ते इंदूरपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर, विंध्याचा घाट उतरून गेल्यावर नर्मदेच्या उत्तर काठावर वसलेल्या महेश्वरातून.

महेश्वर हे आजही शांत गाव आहे. खरगोन जिल्ह्यातल्या या गावी पोहोचल्यावर पुष्कळांचा पहिल्या नजरेत विरस होतो. किल्ल्यात शिरल्यावर जो वाडा दिसतो तो एखाद्या सधन इनामदाराचा असावा इतकाच. लाकडी खांब, उतरते छप्पर, मधोमध चौक, एक देवघर आणि जमिनीवर अंथरलेली साधी बैठक. सिंहासन नाही, दरबाराचे दालन म्हणावे असेही काही नाही. अठ्ठावीस वर्षे माळव्याचा मोठा मुलूख ज्या जागेवरून चालला ती जागा एवढीच. जिने काशीपासून रामेश्वरापर्यंत दगड चढवले, तिने स्वतःसाठी दगड वापरला नाही. या बाईंचे चरित्र समजून घ्यायचे तर या विरसापासूनच सुरुवात केलेली बरी.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा. गाव चौंडी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातले. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. पुण्याच्या वाटेवर असताना मल्हाररावांनी चौंडीच्या देवळात या मुलीला पाहिले आणि सून म्हणून मागितले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. कथा असो वा नसो, १७३३ मध्ये आठ वर्षांची ही मुलगी होळकरांच्या घरात आली हे खरे. मेंढपाळ कुळातून वर आलेले, तलवारीच्या जोरावर माळव्याचे धनी झालेले ते घर होते. घरातले पुरुष वर्षातले आठ महिने मोहिमेवर असत. मागे उरलेला कारभार, फौजेची रसद, वसुलीचे हिशेब आणि दारूगोळ्याची व्यवस्था हे सारे सासू गौतमाबाई पाहत. अहिल्याबाईंचे खरे शिक्षण झाले ते त्यांच्या हाताखाली.

गौतमाबाईंविषयी येथे दोन शब्द अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली त्यांच्यापाशी आहे. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी होळकरांना दौलतीच्या मुलखाखेरीज वेगळी खासगी जहागीर दिली आणि ती मल्हाररावांच्या नव्हे, गौतमाबाईंच्या नावे करून दिली. तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे तीन लाख रुपये होते. दौलतीचा पैसा फौजेचा आणि राज्याचा. खासगीचा पैसा राणीचा, त्यावर सरदाराचाही हात चालत नसे. १७६१ मध्ये गौतमाबाई वारल्या आणि ही खासगी सुनेकडे आली. भारतभरच्या तीर्थक्षेत्रांत अहिल्याबाईंच्या नावाने जे घाट आणि धर्मशाळा आज दाखवल्या जातात, त्यांच्यामागे मुख्यतः ही बायकांची मिळकत आहे. एका सासूने सांभाळलेले आणि एका सुनेने खर्चून टाकलेले हे धन होते, ही गोष्ट मार्गदर्शक मंडळी क्वचितच सांगतात.

पण ते धन हाती येईपर्यंत या बाईंवर पुष्कळ काही कोसळायचे होते. पती खंडेराव १७५४ च्या मार्चमध्ये भरतपूरजवळ कुंभेरीच्या वेढ्यात तोफगोळा लागून पडले. अहिल्याबाई तेव्हा एकोणतीस वर्षांच्याही नव्हत्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी सती जाण्याची तयारी केली. मल्हाररावांनी त्यांना अडवले. आपला मुलगा गेला आहे, आता ही सूनच आपला मुलगा, अशी त्या वृद्ध सेनानीने विनवणी केल्याचे सांगतात. अहिल्याबाई थांबल्या, आणि पुढची बारा वर्षे मल्हाररावांनी त्यांना केवळ घरात ठेवले नाही, कामाला लावले. १७६५ च्या सुमाराची त्यांची सुनेला लिहिलेली पत्रे वाचली म्हणजे हे स्पष्ट दिसते. त्यात देवधर्माची विचारपूस नाही. तोफा कोठे न्यायच्या, गोळे किती, वाटेत कोठे मुक्काम करायचा, अशा सूचना आहेत. एका सेनापतीने दुसऱ्या जबाबदार अधिकाऱ्याला लिहावे तशी ती पत्रे आहेत.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव वारले. गादीवर नातू मालेराव बसला. तो नऊ-दहा महिन्यांतच, १७६७ च्या वसंतात, विकल अवस्थेत मरण पावला. पती, सासू, सासरा, मुलगा असे एकामागून एक गेल्यावर होळकरांच्या घरात मोठी म्हणावी अशी एकच व्यक्ती उरली, आणि ती विधवा स्त्री होती. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांना हा मोका वाटला. बाईंनी एखादा लहान मुलगा दत्तक घ्यावा आणि कारभार आपल्या हाती ठेवावा, असा त्यांचा बेत होता. राघोबादादांना त्यांनी फितवले आणि दादा फौजेनिशी क्षिप्रेकाठी येऊन थडकले.

अहिल्याबाईंनी या प्रसंगी दाखवलेला मुत्सद्दीपणा त्यांच्या देवभोळ्या प्रतिमेत सहसा बसवला जात नाही. त्यांनी शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रे धाडली. पुण्यात माधवराव पेशव्यांपर्यंत आपली बाजू पोहोचवली. फौज उभी केली. आणि दादांना निरोप असा गेला की स्त्रीला हरवून त्यांच्या पदरी कीर्ती पडणार नाही, पण स्त्रीकडून हार झाली तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आपण मालेरावाच्या दुखवट्यासाठीच आलो होतो, असे सांगून दादांनी पाय मागे घेतला. पेशव्यांनी अहिल्याबाईंचा कारभार मान्य केला. फौजेची सूत्रे त्यांनी मल्हाररावांच्या विश्वासातल्या तुकोजी होळकरांकडे दिली आणि मुलकी कारभार, न्याय व खजिना स्वतःकडे ठेवला. राजधानीसाठी त्यांनी निवडले ते नर्मदाकाठचे महेश्वर.

या कारभाराची जी माहिती आपल्याला मिळते तिच्यातला मोठा भाग सर जॉन माल्कम यांनी गोळा केला. हा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर माळव्यात आला आणि अहिल्याबाईंना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना विचारून विचारून त्याने त्यांची दिनचर्या लिहून काढली. पहाटे सूर्योदयापूर्वी उठणे, स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधे शाकाहारी जेवण. दुपारी दोनच्या सुमारास दरबार सुरू होई तो सायंकाळी सहापर्यंत चाले. मध्ये पुन्हा पूजा आणि फराळ. रात्री नऊला कामकाज परत सुरू, ते अकरापर्यंत. पडदा त्या पाळीत नसत. फिर्याद घेऊन येणाऱ्याला त्या स्वतः भेटत. माल्कमने हे पुन्हा पुन्हा पडताळून पाहिले, कारण त्याला ऐकलेल्या स्तुतीचा संशय येत होता. सरतेशेवटी त्यालाही तीच स्तुती लिहावी लागली.

त्या कारभारातल्या दोन-तीन गोष्टी आजही विचार करायला लावतात. निपुत्रिक माणूस मेला की त्याची मालमत्ता सरकारजमा करण्याची प्रथा तेव्हा सर्रास होती. अहिल्याबाईंनी विधवांचा त्या मालमत्तेवरचा आणि दत्तक घेण्याचा हक्क मान्य केला. नजराण्यासाठी विधवेला छळणाऱ्या अधिकाऱ्याची गय त्यांनी केली नाही. भिल्लांचा प्रश्न त्यांनी वेगळ्याच तऱ्हेने हाताळला. विंध्य-सातपुड्याच्या वाटांवर भिल्ल प्रवाशांना लुटत. प्रथम त्यांनी कठोरपणे बंदोबस्त केला, पण पुढे त्यांच्या मुलखातून जाणाऱ्या मालावर लहानसा कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला. भिलकवडी असे त्या कराचे नाव. त्याच्या बदल्यात त्यांच्या हद्दीत चोरी झाली तर माल शोधून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. लुटारू म्हणून ज्यांचा धाक होता त्यांनाच त्यांनी वाटेचे राखणदार केले.

तिसरी गोष्ट अगदी लहान आहे. महेश्वराच्या आसपास उन्हाळ्यात नांगराचे बैल मध्येच थांबवून त्यांना पाणी पाजायला त्यांची माणसे जात. आणि पिकावरून हाकललेल्या पाखरांना दाणा टिपता यावा म्हणून काही शेते विकत घेऊन तशीच उभी ठेवली होती. एवढ्या मोठ्या राज्याच्या जमाखर्चात पाखरांच्या नावे शेत असावे, ही नोंद माल्कमलाही सोडवली नाही.

आता देवळांविषयी. गोमंतकीय वाचकाला या विषयाचे मर्म इतरांपेक्षा लवकर कळेल. आपली दैवते सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी, बार्देशातून निघाली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. मूळ जागा सुटली, देव सुटला नाही. नार्व्याच्या सप्तकोटीश्वराचे देऊळ शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये पुन्हा उभे केले, तर कवळ्याचे आजचे देवालय शाहू महाराजांच्या काळात नारोराम मंत्र्यांच्या साहाय्याने उभे राहिले. जुन्या जागेचे भांडण मांडत न बसता शेजारी नवे देवघर थाटायचे आणि पूजा अखंड ठेवायची, ही रीत आपण ओळखतो. अहिल्याबाईंनी काशीत आणि सोमनाथला हीच रीत धरली. काशीला त्यांनी १७८० मध्ये विश्वनाथाचे देऊळ बांधले ते जुन्या जागेच्या लगत. सोमनाथला १७८३ मध्ये बांधले तेही मूळ भग्नावशेषांपासून थोडे बाजूला, आणि शिवलिंग ठेवले ते तळघरात. आज भव्य नव्या मंदिराकडे जाणारे लाखो भाविक या लहान देवळाला जुने सोमनाथ म्हणून ओळखतात. अहिल्याबाई हे करीत होत्या त्याच काळात, १७६३ ते १७८८ दरम्यान, आपल्याकडे पोर्तुगीज एकेक महाल घेत नव्या काबिजादी पुऱ्या करीत होते.

काशी आणि गया या क्षेत्रांवर होळकरांची सत्ता नव्हती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. बिहारची दिवाणी १७६५ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली होती आणि १७७५ पासून काशीही कंपनीच्या छायेखाली होती. परक्याच्या राज्यात देऊळ बांधायचे म्हणजे जागा मिळवा, परवानगी मिळवा, कारागीर धाडा, पैसा पोहोचवा, नित्यपूजेची नेमणूक बांधून द्या. तलवारीचे हे काम नव्हते. पत्रव्यवहार, वकील, हुंड्या आणि चिकाटी यांचे ते काम होते. गयेचे काळसर दगडाचे विष्णुपद मंदिर १७८७ चे. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार, काशीचे घाट, हरिद्वारचा कुशावर्त घाट, पंढरपूरचा होळकर वाडा, बद्रीकेदारच्या वाटेवरच्या धर्मशाळा, अशी ती यादी लांबत जाते. त्या यादीत गोकर्णाचेही नाव आहे. काणकोण ओलांडून, कारवार मागे टाकून महाबळेश्वराच्या दर्शनाला जाणारे गोमंतकीय किती असतील! माळव्यातल्या एका राणीने तेथेही आपली खूण ठेवली होती, हे त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. दक्षिणेतल्या देवस्थानांना अभिषेकासाठी गंगेचे पाणी कावडीने पोहोचवण्याची कायमची व्यवस्थाही त्यांनी लावून दिली होती.

या खर्चावर टीका झाली आहे आणि ती निराधार नाही. तुकोजी मोहिमेवरून पैशांसाठी पत्रे पाठवीत; फौजेचा पगार थकत असे; दोघांच्या संबंधांत त्यावरून कटुता आली. महादजी शिंद्यांनी कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हा होळकरांची फौज जुन्याच पद्धतीने लढत राहिली आणि १७९३ मध्ये लाखेरीच्या लढाईत तिला शिंद्यांच्या पलटणींनी चिरडले. तोच पैसा तोफखान्यावर खर्चला असता तर, असे म्हणणारे म्हणतात. पण खासगीचा पैसा हा मुळात फौजेचा नव्हता, आणि अहिल्याबाई तो भेद शेवटपर्यंत काटेकोर पाळीत होत्या. शिंद्यांच्या त्या विजयी पलटणींचेही पुढे फार काही उरले नाही; दहा वर्षांत इंग्रजांनी त्यांचा निकाल लावला.

स्तुतीचे त्यांना वावडे होते. कोणा ब्राह्मणाने त्यांच्या गौरवाचा ग्रंथ रचून वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि मग नर्मदेत टाकायला लावला, अशी हकीकत माल्कमने नोंदवली आहे. हुकूमनाम्यांवर त्या स्वतःचे नाव घालीत नसत, श्रीशंकराच्या नावाने आज्ञा निघे. त्यांच्या नाण्यांवरही शिवलिंग आणि बेलाचे पान दिसते.

अखेरची वर्षे मात्र फार जड गेली. मुलगी मुक्ताबाई हीच आता त्यांची जवळची अशी उरली होती. तिचा मुलगा तरुणपणीच गेला, आणि १७९१ मध्ये पती यशवंतराव फणसेही गेले. मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय केला. ज्या स्त्रीला सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याने चितेवरून परतवले होते, ती आता आपल्या लेकीची विनवणी करू लागली. विधवांचे हक्क राखणाऱ्या, राघोबादादांना परतवणाऱ्या या राणीचे लेकीपुढे काही चालले नाही. हुकूम देऊन अडवण्याचा अधिकार त्यांना होता, पण तो त्यांनी वापरला नाही; का वापरला नाही, याचे उत्तर त्या काळाच्या धर्मबुद्धीत शोधावे लागते आणि ते आजच्या वाचकाला पटण्यासारखे नाही. नर्मदेच्या काठी चिता पेटली तेव्हा दोन ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेवले होते. त्या वेदनेने स्वतःच्याच हातांना चावत होत्या, असे पाहणाऱ्यांनी सांगितले. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, कोणाशी बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी लेक-जावयाचे स्मारक बांधायला घेतले. महेश्वराच्या घाटावरच्या कोरीव छत्र्या पाहताना, त्यांची छायाचित्रे घेताना, हा प्रसंग ठाऊक असलेला बरा.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई महेश्वरातच निवर्तल्या. वय सत्तर. आज जो भव्य अहिल्येश्वर आणि त्याखाली नदीत उतरणाऱ्या रुंद पायऱ्या पाहून प्रवासी थक्क होतो, ते बांधकाम त्यांच्या पश्चात घराण्यातल्या पुढच्या माणसांनी पुरे केले. महेश्वरातले सर्वांत देखणे ते त्यांच्या स्मरणार्थ उभे राहिले आहे; त्यांनी स्वतःसाठी ठेवला तो वरचा लहान वाडा. इंदूरचे भाग्य उजळले ते त्यानंतर. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले आणि राजवाडा जाळला. १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. महेश्वर मागे राहिले, आणि मागे राहिल्यामुळेच बऱ्याच अंशी जसेच्या तसे राहिले.

तेथे आज काय जिवंत आहे, हेही सांगायला हवे. रोज सकाळी वाड्याच्या आवारात काही ब्राह्मण काळ्या मातीची हजारो इवलीशी शिवलिंगे लाकडी पाटांवर मांडतात, पूजा करतात आणि नर्मदेत सोडतात. अहिल्याबाईंच्या काळापासूनचा हा लिंगार्चनाचा नेम अजून मोडलेला नाही. नऊ-दहाच्या सुमारास पोहोचणाऱ्या पर्यटकाला तो चुकतो, म्हणून रात्री तेथेच मुक्काम केलेला चांगला. गावात हातमागांचा आवाज ऐकू येतो. विणकरांना बाहेरून आणून अहिल्याबाईंनी येथे वसवले, अशी परंपरा आहे. गेल्या शतकात हे माग बंद पडू लागले होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस होळकरांच्या वंशजांनी स्थापन केलेल्या रेहवा संस्थेने विणकर स्त्रियांना पुन्हा उभे केले. साडीच्या काठावर किल्ल्याच्या भिंतीवरची नक्षी आणि नर्मदेच्या लाटा विणलेल्या दिसतात. त्या काठाकडे पाहूनच अस्सल महेश्वरी ओळखावी, असे तिथले जुने विणकर सांगतात.

आणि खासगीचे काय झाले? १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तेव्हा या देवळांची, घाटांची आणि धर्मशाळांची व्यवस्था चालू राहावी म्हणून सरकारने दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची असे ठरले. ती रक्कमही सुमारे तीन लाखांचीच होती. १९६२ मध्ये त्यासाठी खासगी न्यास स्थापन झाला. देशभर विखुरलेल्या अडीचशेच्या घरातल्या मालमत्ता त्याच्याकडे आल्या. पुढे त्यांतल्या काहींची विक्री झाल्याचे उघडकीस आले, हरिद्वारच्या कुशावर्त घाटाचे प्रकरण गाजले, आणि वाद मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठासमोर गेला. त्या न्यायालयाने २०२० मध्ये निकाल दिला. त्यावर अपील झाले. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सार्वजनिक न्यास असल्याचे ठरवले, मध्य प्रदेशच्या कायद्याखाली त्याची नोंदणी करण्याचा आदेश दिला आणि विकलेल्या मालमत्तांचे व्यवहार निबंधकाने तपासावेत असे सांगितले. गौतमाबाईंच्या नावे १७३४ मध्ये लिहून दिलेल्या त्या जहागिरीतून उभ्या राहिलेल्या घाटांचा आणि धर्मशाळांचा हिशेब अशा रीतीने पुन्हा एकदा मांडायला घेतला गेला आहे.